नाकादाची दफनभूमी

नाईलच्या पश्चिम काठावर, लक्सरच्या उत्तरेला पंचवीस-तीस किलोमीटरवर नाकादा हे गाव आहे. नदीच्या पुराने सुपीक झालेली काळी जमीन इथे जणू एका रेषेत संपते आणि तिला लागूनच वाळू-खडीचा कोरडा माळ सुरू होतो. पीक देणारी जमीन जिवंतांसाठी राखायची आणि मृतांना त्या रेषेपलीकडे न्यायचे, हा इजिप्तमधला फार जुना रिवाज. नाकादाजवळच्या माळावर इ.स.पू. चौथ्या सहस्रकात, म्हणजे गीझाचे पिरॅमिड उभे राहण्याच्या हजारभर वर्षे आधीपासून, पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरली गेली. त्या लोकांकडे लिपी नव्हती. त्यांच्या पुढाऱ्यांची नावे कुठल्याही राजावळीत सापडत नाहीत. त्यांची मातीची घरे पुराच्या गाळाखाली आणि नंतरच्या वस्त्यांखाली बहुतांशी नाहीशी झाली. पहिल्या राजवंशाच्या आधीचा दक्षिण इजिप्त आज जो काही ठाऊक आहे, तो मुख्यतः अशा दफनभूमींमुळे. त्यांत नाकादाचे स्थान इतके मोठे, की त्या काळच्या सबंध संस्कृतीलाच या गावाचे नाव मिळाले.

जागा मोक्याची होती. इथल्या प्राचीन वस्तीचे नाव नुब्त. सेत या देवाचे हे ठाणे. नदीच्या पलीकडच्या तीरावरून वादी हम्मामात ही कोरडी दरी पूर्वेच्या वाळवंटात शिरते आणि तांबड्या समुद्राकडे जाते. सोने आणि भांडी-सहाणा घडवायचे सुरेख दगड त्याच वाटेने नाईलच्या खोऱ्यात येत. गाळाच्या जमिनीत खपली जातीचा गहू आणि सातू पिके, गुरे-मेंढ्या होत्या, नदीत मासळी होती. नाकादाच्या कबरींमध्ये जी संपत्ती सापडली, तिची मुळे या शेतीत आणि या व्यापारी वाटेत आहेत.

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री १८९४ च्या हिवाळ्यात इथे आले. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये ते इजिप्तविद्येचे प्राध्यापक होते. मोठे पुतळे आणि कोरीव लेख यांच्यामागे धावणाऱ्या त्या काळात फुटक्या खापरालाही पुरावा मानणारे ते विरळा संशोधक. पॅलेस्टाइनमधल्या तेल-एल-हेसी येथे १८९० मध्ये त्यांनी थरागणिक बदलत जाणाऱ्या खापरांवरून टेकाडाचा काळ ठरवला होता. नाकादा आणि शेजारचे बल्लास इथे त्यांनी आणि त्यांचे सहकारी जेम्स क्विबेल यांनी एकाच हंगामात तीन हजारांच्या आसपास कबरी उघडल्या. त्यांतल्या सुमारे दोन हजार नाकादाच्या मुख्य दफनभूमीत होत्या.

एवढे काम इतक्या झपाट्याने झाले ते कामगारांच्या पद्धतशीर विभागणीमुळे. मुले माळावर फिरून जमीन कुठे भुसभुशीत लागते ते शोधत आणि खड्ड्याची कड दिसेपर्यंत उकरत. मग साधे मजूर भांड्यांना हात लागेपर्यंत वाळू काढत. त्यानंतरचे नाजूक काम, हाडे आणि वस्तू जागच्या न हलवता त्यांच्याभोवतीची माती साफ करण्याचे, अली सुएफी नावाच्या वाकबगार कामगाराकडे असे. शेवटी पेट्री येऊन नोंद करत. अली सुएफी हे पेट्रींचे वर्षानुवर्षांचे सहकारी. राजवंशपूर्व इजिप्तच्या शोधाचे श्रेय वाटताना त्यांचे नाव पहिल्या ओळीतच घ्यायला हवे, कारण हाताला लागलेली कबर न विसकटता उघडी करण्याचे कसब त्यांचे होते. जवळच्या कुफ्त गावचे लोकही पेट्रींच्या हाताखाली तयार झाले, आणि उत्खननातले मुकादम म्हणून त्यांच्या पुढच्या पिढ्या साऱ्या इजिप्तभर नावाजल्या.

कबरी दिसायला साध्या होत्या. सुरुवातीच्या कबरी म्हणजे वाळूत खणलेले उथळ, गोल किंवा लंबगोल खड्डे. पुढे पुढे ते चौकोनी आणि मोठे होत गेले. काहींना लाकडी फळ्यांचे, चटईचे किंवा विटांचे अस्तर आले. मृताला झोपलेल्या माणसासारखे कुशीवर ठेवत: गुडघे छातीशी ओढलेले, हात चेहऱ्यासमोर. बहुतेक ठिकाणी देह डाव्या कुशीवर, डोके दक्षिणेला आणि तोंड पश्चिमेला, मावळतीकडे. अपवाद सापडतात, पण शेकडो कबरींमध्ये हीच मांडणी दिसते. ती योगायोगाने होत नाही. पश्चिम ही मृतांची दिशा, ही पुढच्या इजिप्तची ठाम समजूत इतकी जुनी असावी. देहावर चटई, जनावराचे कातडे किंवा लिनन गुंडाळलेले असे. तापलेली कोरडी वाळू देहातले पाणी शोषून घेई, त्यामुळे काही देह केस-कातडीसकट टिकले. कोणताही लेप न लावता वाळवंटानेच जपलेले हे देह पाहूनच मृतदेह टिकवण्याची कल्पना इजिप्तच्या लोकांना सुचली असावी, असा तर्क दीर्घकाळ मांडला गेला.

मृतासोबत ठेवलेल्या वस्तू हे या कबरींचे खरे वैभव. सगळ्यात जास्त भांडी, आणि तीही चाकावर न घडवता हाताने उभारलेली. सुरुवातीच्या कबरींत तांबडी, घोटून चकचकीत केलेली आणि काठाशी काळी असलेली भांडी भरपूर मिळतात. भाजताना काठाकडच्या भागाला हवा मिळाली नाही की तो काळा होतो आणि बाकीचे अंग तांबडे राहते. हा परिणाम साधण्यात तिथले कुंभार इतके तरबेज होते, की त्यांची भांडी चाकावरच्या कामाइतकी डौलदार आणि पातळ आहेत. तांबड्या अंगावर पांढऱ्या रेघांनी काढलेली नक्षी, पाणघोडे आणि शिकारी असलेली भांडी त्याच काळातली. नंतरच्या टप्प्यात फिकट पिवळसर मातीच्या भांड्यांवर तपकिरी-तांबड्या रंगाने अनेक वल्ह्यांच्या नावा, हात वर केलेल्या स्त्रिया, पक्ष्यांच्या रांगा आणि वळणदार चक्रे येतात.

भांड्यांच्या जोडीला सहाणा. करड्या-हिरवट दगडाच्या या सपाट सहाणांवर मॅलाकाइट हे तांब्याचे हिरवे खनिज उगाळून डोळ्यांना लावत. काही सहाणा मासा, कासव, पक्षी, पाणघोडा अशा आकारांत कोरलेल्या, तर काही साध्या चौकटीच्या. उगाळायचा गोटा आणि मॅलाकाइटचे खडे कित्येकदा मृताच्या हाताशीच ठेवलेले सापडले. हस्तिदंताच्या फण्या, केसांतल्या काट्या, छोट्या मूर्ती. चकमकीच्या दगडाचे लांब सुरे, ज्यांच्या पात्यावर लाटांसारखे समान टवके काढलेले आहेत. आधी चकतीच्या आणि नंतर नासपतीच्या आकाराचे दगडी गदाशीर्ष. बेसॉल्टसारख्या कठीण दगडातून कोरलेली भांडी. तांबडा अकीक, पिरोजा, शंख-शिंपले, सोने आणि लाजवर्द यांचे मणी. लाजवर्द इजिप्तमध्ये मिळत नाही. त्याची खाण अफगाणिस्तानात बदख्शान इथे. खेडेगावच्या कबरीतला तो निळा मणी हजारो किलोमीटरचा प्रवास करून, अनेक हातांतून तिथे पोचलेला होता. काही कबरींत पायांकडे राखेने भरलेले मोठे रांजण मिळाले. दफनाच्या वेळी पेटवलेल्या अग्नीची ती राख असावी, असे पेट्रींचे मत होते.

या सगळ्याचा काळ कोणता, या प्रश्नावर पेट्री आधी साफ चुकले. त्यांना ठाऊक असलेल्या इजिप्तची एकही ओळखीची खूण या कबरींत नव्हती: लेख नाहीत, चाकावरची भांडी नाहीत, आडवा सरळ ठेवलेला देह नाही. म्हणून हे लोक मुळी इजिप्तचे नव्हेतच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सहाव्या राजवंशानंतर जुने राज्य कोसळले, तेव्हा बाहेरून घुसलेल्या एका ‘नव्या वंशा’च्या या कबरी आहेत, असे त्यांनी १८९६ मध्ये नाकादा-बल्लासवरच्या ग्रंथात लिहिले. संस्कृती बदलली की वंशही बदलला, हे समीकरण त्या काळी युरोपीय विद्वानांना स्वयंसिद्ध वाटे, आणि या चुकीचे मूळ त्यातच आहे. नाकादाच्या शेकडो कवट्या इंग्लंडला गेल्या, तिथे त्यांची मापे घेतली गेली. १९०२ मध्ये सिसिली फॉसेट यांनी या कवट्यांवर प्रसिद्ध केलेला अभ्यास संख्याशास्त्राच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला. पण राजवंशाच्या काळातले लोक आणि त्यांच्या आधीचे लोक हे वेगळे वंश होते, ही समजूत टिकू शकली नाही. भांडी, दफनाच्या चाली, वस्त्या या सगळ्यांत एकाच समाजाची सलग वाढ दिसते.

त्याच १८९६ साली इजिप्तच्या पुरावस्तू खात्याचे फ्रेंच संचालक जाक द मॉर्गन यांनी वेगळे मत मांडले: या कबरी राजवंशांच्या आधीच्या, प्रागैतिहासिक काळातल्या आहेत. पुढच्याच वर्षी नाकादाजवळ त्यांना विटांचे एक भव्य थडगे सापडले. त्याच्या बाहेरच्या भिंती कोनाड्यांनी सजवलेल्या होत्या, आणि आतल्या वस्तूंवर पहिल्या राजवंशातल्या आहा या राजाचे आणि नाइथहोतेप या राणीचे नाव होते. दफनभूमीतला उशिराचा टप्पा आणि हे राजकुळातले थडगे यांच्यातला दुवा आता दिसू लागला. पेट्री यांनी आपले मत सोडले आणि ते तिथेच थांबले नाहीत. कबरी राजवंशपूर्व आहेत हे मान्य केल्यावर पुढचा प्रश्न त्यांनी स्वतःच उभा केला: हजारो कबरींमधली आधीची कोणती आणि नंतरची कोणती?

हा प्रश्न सोपा नव्हता. एखाद्या जुन्या गावठाणात खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हे उघड असते. वाळूत शेजारी शेजारी खणलेल्या खड्ड्यांना असे वर-खाली काही नसते. लेख नाहीत, नाणी नाहीत, राजांची नावे नाहीत. हाताशी एकच भक्कम गोष्ट होती: एका कबरीतल्या वस्तू एकाच दिवशी एकत्र ठेवल्या गेल्या. म्हणजे प्रत्येक कबर हा त्या दिवशी वापरात असलेल्या वस्तूंचा एक नमुना. ज्या दोन कबरींत पुष्कळ प्रकारची भांडी सारखी, त्या काळाने जवळच्या. ज्यांच्यात एकही प्रकार समान नाही, त्या लांबच्या. या एका विचारावर पेट्री यांनी सगळी इमारत उभी केली.

त्यांनी भांड्यांचे नऊ वर्ग पाडले: काळ्या काठाची, तांबडी घोटीव, पांढऱ्या रेघांची, नक्षीदार, लाटेसारख्या मुठींची, खडबडीत, उशिराची वगैरे. मग अनेक प्रकारची भांडी असलेल्या आणि नोंद नीट झालेल्या सुमारे ९०० कबरी निवडल्या. प्रत्येक कबरीसाठी पुठ्ठ्याची एक पट्टी, तिच्यावर नऊ रकाने, आणि त्या त्या रकान्यात कबरीतल्या भांड्यांचे क्रमांक. पट्ट्या एकाखाली एक मांडायच्या आणि मागेपुढे सरकवत राहायचे, तेही असे, की प्रत्येक प्रकार कुठेतरी सुरू व्हावा, सलग चालावा आणि संपावा. तुकड्या-तुकड्यांत विखुरला जाऊ नये. पांढऱ्या रेघांची भांडी आणि ‘उशिराची’ भांडी एकत्र कधीच येत नव्हती, म्हणून ती दोन टोकांना गेली. मधल्या कबरी त्यांच्यातल्या साम्याप्रमाणे आपापल्या जागी बसत गेल्या.

पण यात एक अडचण उरते. क्रम लागला तरी कुठले टोक आधीचे, हे क्रम सांगत नाही. त्याचे उत्तर लाटेसारख्या मुठींच्या भांड्यांनी दिले. या प्रकाराचे मूळ पॅलेस्टाइनमधल्या भांड्यांत आहे. त्यांतली काही भांडी पोटाने गोल, आणि दोन्ही बाजूंना धरून उचलता येईल अशी ठसठशीत मूठ असलेली. काही त्याहून सडपातळ, मूठ बारीक झालेली. आणि काही सरळ नळकांड्यासारखी, ज्यांच्यावर मुठीची आठवण म्हणून नुसती एक वळणदार रेघ उरली आहे. कामाची मूठ झिजत शोभेची रेघ होते. रेघेची पुढे मूठ होणे संभवत नाही. आतल्या द्रव्यातही तोच बदल दिसला: आधीच्या भांड्यांत सुगंधी चरबी, नंतरच्यांत चरबीचा नुसता अंश आणि शेवटच्यांत निव्वळ माती. नळकांड्यासारखी भांडी पहिल्या राजवंशाच्या काळाला जाऊन भिडतात, त्यामुळे दिशेबद्दल शंका राहिली नाही.

मग पेट्री यांनी लावलेल्या ९०० पट्ट्यांचे ३० ते ८० असे क्रमांक असलेले गट केले. १ ते २९ हे आकडे मुद्दाम मोकळे सोडले, कारण याहून जुने काही पुढे सापडेल असा त्यांचा अंदाज होता. हे आकडे म्हणजे वर्षे नव्हेत. दोन गटांमध्ये पाच वर्षांचे अंतर असेल किंवा पन्नास वर्षांचे. फक्त क्रम सांगणारी ही पद्धत त्यांनी १८९९ मध्ये मांडली आणि १९०१ मध्ये हू आणि अबादिया इथल्या उत्खननाच्या ग्रंथात सविस्तर दिली. जगातल्या पुरातत्त्वाला पेट्री यांनी दिलेली ही सर्वांत मोठी देणगी होय. कोणत्याही लिखित आधाराशिवाय, केवळ वस्तूंच्या सहवासातून काळाचा क्रम लावता येतो, हे इथे पहिल्यांदा इतक्या मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाले. साठ-सत्तर वर्षांनी केंब्रिजचे गणिती डेव्हिड केंडल यांनी हाच प्रश्न गणिताच्या भाषेत मांडला, तेव्हा पेट्री यांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी किती अवघड कोडे सोडवले होते, हे गणितज्ञांच्याही ध्यानात आले.

क्रमाची परीक्षा १९२० च्या दशकात झाली. असियूतच्या दक्षिणेला बदारी भागात गाय ब्रंटन आणि गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांना नाकादाहून जुन्या कबरी मिळाल्या. अंगावर दातेरी रेषांसारखा पोत असलेली, कमालीची पातळ भांडी ही त्यांची खूण. त्या टप्प्याला बदारी संस्कृती म्हणतात, आणि पेट्री यांनी मोकळ्या सोडलेल्या आकड्यांत ती नेमकी बसली. शेजारच्या हम्मामिया या छोट्या वस्तीत केटन-थॉम्प्सन यांनी अत्यंत चिकाटीने पातळ पातळ थर काढत खोदले. तिथे बदारीची खापरे खाली आणि नाकादाची त्यांच्यावर, अशी प्रत्यक्ष मिळाली. कबरींवरून मांडलेला क्रम वस्तीच्या थरांनी खरा ठरवला.

पद्धतीत दोष होतेच. पेट्री यांचे नऊ वर्ग एकाच कसोटीवर पाडलेले नाहीत: कुठे मातीचा प्रकार पाहिला, कुठे नक्षी, कुठे मूठ, आणि एका वर्गाचे तर नावच ‘उशिराची’; म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरलेले. जर्मन संशोधक वेर्नर कायझर यांनी १९५७ मध्ये दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. लक्सरच्या दक्षिणेला अर्मंत इथल्या दफनभूमीचा तपशीलवार नकाशा उपलब्ध होता. त्यावर भांड्यांचे प्रकार मांडले तेव्हा दिसले, की दक्षिण भागात काळ्या काठाची भांडी जास्त, मध्ये खडबडीत आणि उत्तरेकडे उशिराची. म्हणजे दफनभूमी पिढ्यांबरोबर दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत गेली होती. त्यावरून कायझर यांनी नाकादा १, २ आणि ३ असे तीन मुख्य टप्पे आणि त्यांचे पोटभाग पाडले. बेल्जियमचे स्टान हेंड्रिक्स यांनी पुढे ही मांडणी अधिक काटेकोर केली. आज वापरात आहे ती हीच भाषा, पण तिचा पाया पेट्री यांच्या पट्ट्यांतच आहे.

क्रम हाती आल्यावर कबरी आणखी मोठी गोष्ट सांगू लागल्या. पहिल्या टप्प्यातल्या कबरी आकाराने आणि ऐवजाने साधारण सारख्या, थोडेफार कमीजास्त. दुसऱ्या टप्प्यात अंतर वाढते: बहुतेकांना लहान खड्डा आणि दोन-चार भांडी, तर थोड्यांना प्रशस्त खड्डा, डझनावारी भांडी, दगडी पात्रे, तांबे, सोने, दूरदेशचे मणी. अमेरिकन संशोधक कॅथरिन बार्ड यांनी नाकादा आणि अर्मंत इथल्या कबरींचा संख्याशास्त्रीय अभ्यास करून हा फरक मोजला. अर्मंत हे लहान खेडे. तिथे विषमता बेताचीच राहिली. नाकादात ती ठळक झाली. शेतमजूर, कारागीर आणि पुढारी अशा थरांचा समाज तिथे आकाराला येत होता.

मुख्य दफनभूमीपासून वेगळी, साठेक कबरींची एक छोटी दफनभूमी पेट्री यांना मिळाली. त्यांनी तिला ‘टी’ हे अक्षर दिले. इथल्या काही कबरी सगळ्या नाकादात मोठ्या आणि श्रीमंत, काहींना विटांचे अस्तर. सामान्यांपासून दूर, स्वतंत्र जागी पुरण्याचा हक्क ज्यांना होता, ते या गावचे सत्ताधारी घराणे असावे, असे मत पुढे बॅरी केम्प आणि इतरांनी मांडले. दक्षिणेला हिराकोनपोलिस इथे १८९८-९९ च्या हंगामात फ्रेडरिक ग्रीन यांनी शोधलेली ‘रंगीत कबर’ याच काळातली आणि याच घडणीची. तिच्या भिंतीवर मोठमोठ्या नावा, दोन सिंहांना आवरणारा पुरुष आणि कैद्यांवर गदा उगारणारी आकृती रंगवली होती. पुढच्या तीन हजार वर्षांत फारोंच्या मंदिरांवर हेच कैद्यांचे दृश्य पुन्हा पुन्हा कोरले गेले. राजपदाची प्रतिमा राजाच्या नावाआधी जन्मली होती. ही कबर नेमकी कुठे होती, ते आज सापडत नाही. भिंतीवरच्या चित्राचे तुकडे कैरोच्या संग्रहालयात आहेत.

‘टी’ दफनभूमीतली पाच क्रमांकाची कबर चोरांच्या हाती लागलेली नव्हती, तरीही तिच्यात एकही सांगाडा सलग नव्हता. कवट्या एका जागी आणि लांब हाडे दुसरीकडे रचलेली होती. काही हाडांची टोके तुटलेली. पेट्री यांनी यावरून मृताचे मांस खाण्याच्या विधीची शक्यता सुचवली, आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. आजच्या संशोधकांना दुसरे स्पष्टीकरण पटते: देह कुजल्यावर हाडे पुन्हा उचलून, विधिपूर्वक मांडून दुसऱ्यांदा पुरणे. पण सगळेच एवढे सौम्य नव्हते. हिराकोनपोलिसच्या कामकरी लोकांच्या दफनभूमीत आणि एस्नाच्या दक्षिणेला अदाइमा इथे काही मानांच्या मणक्यांवर सुरीचे वार स्पष्ट दिसतात. सत्ता उभी राहत असताना तिच्यासाठी माणसांचे बळी पडत असावेत, अशी शंका या हाडांकडे पाहिल्यावर येते.

देह जपण्याच्या इतिहासाबद्दलची जुनी कल्पनाही अलीकडे बदलली. हिराकोनपोलिसच्या त्याच कामकरी दफनभूमीत काही स्त्रियांचे हात आणि डोके राळेत भिजवलेल्या लिननच्या जाड घड्यांत गुंडाळलेले मिळाले. बदारी आणि मोस्तगेद्दा इथल्या कबरींतली, अनेक दशके इंग्लंडच्या संग्रहालयात पडून असलेली कापडे रासायनिक तपासणीला घेतली, तेव्हा त्यांवर सूचिपर्णी झाडांची राळ, चरबी आणि वनस्पतींचे डिंक मिळाले. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पिरॅमिडांच्या काळातल्या लेपाची कृती त्याच्या हजारांहून अधिक वर्षे आधी, साध्या खेडूतांच्या दफनात वापरात होती. केवळ वाळूमुळे टिकलेले देह पाहून कल्पना सुचली, हा तर्क त्यामुळे अपुरा ठरतो.

टिकलेले देह आणखीही बोलतात. गेबेलीन इथला एक तरुण १९०० पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०१२ मध्ये त्याची सीटी स्कॅनने तपासणी झाली, तेव्हा कळले की पाठीत खुपसलेल्या शस्त्राने त्याचा जीव गेला. २०१८ मध्ये त्याच्या दंडावर रानबैल आणि रानमेंढा गोंदलेले दिसले. शतकभर हजारो लोकांनी पाहिलेला तो काळसर डाग अवरक्त प्रकाशात चित्र ठरला. संग्रहात जमा केलेली वस्तू संपली असे कधी मानू नये, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

तरीही कबर म्हणजे जीवनाचा आरसा नव्हे. नाईलच्या मुखाकडच्या प्रदेशात, आजच्या कैरोजवळ, मादी इथे याच काळात एक नांदती वस्ती होती. तिथे तांबे होते, ओझ्याची गाढवे होती, पॅलेस्टाइनशी व्यापार होता. पण तिथल्या कबरींत एखाद-दुसरे भांडे, कित्येकदा तेही नाही. ते लोक दरिद्री नव्हते. संपत्ती मृतासोबत पुरायची नाही, अशी त्यांची रीत होती. नाकादाच्या लोकांनी उलट मार्ग घेतला. कबरीत किती ठेवायचे ही त्यांच्यात प्रतिष्ठेची बाब झाली, आणि म्हणून त्यांचा समाज आपल्याला इतका उघड दिसतो. नाकादाच्या बऱ्याच कबरी जुन्या काळीच लुटल्या गेल्या होत्या, ही मर्यादाही लक्षात ठेवावी लागते. चोर नेमके श्रीमंत मृतांकडे वळत.

दुसरी हानी उत्खननानंतरची. तीन हजार कबरींपैकी छापील ग्रंथात तपशील आला तो थोड्यांचाच. ऐवज लंडन, ऑक्सफर्ड, कैरो आणि इतर अनेक शहरांत वाटला गेला. एकाच कबरीतली भांडी वेगवेगळ्या देशांत गेली. एलिझ बाउमगार्टेल यांनी संग्रहालयांतल्या वस्तूंवर शाईने लिहिलेले कबरींचे क्रमांक आणि पेट्री यांच्या वह्या जुळवत कित्येक कबरींचा ऐवज कागदावर पुन्हा एकत्र केला, आणि १९७० मध्ये ती यादी प्रसिद्ध केली. नाकादावरचा पुढचा प्रत्येक अभ्यास या किचकट, निरलस कामाचा ऋणी आहे.

तिसऱ्या टप्प्यापर्यंत नाकादा संस्कृतीच्या चालीरीती उत्तरेकडे नाईलच्या मुखापर्यंत पसरल्या. फायूमजवळच्या गेर्झेह इथे १९११ मध्ये अशाच कबरींत लोखंडाचे नऊ मणी मिळाले. ते उल्केतल्या लोखंडाचे, ठोकून पातळ केलेल्या पत्र्याच्या नळ्या करून बनवलेले आहेत, हे २०१३ मध्ये नक्की झाले. पण खुद्द नाकादा गावाचे महत्त्व या काळात ओसरले. मोठ्या कबरी इथे थांबल्या आणि सत्तेचे केंद्र उत्तरेला अबिडोसकडे गेले. अबिडोसला १९८८ मध्ये गुंटर ड्रायर यांनी बारा खोल्यांचे एक थडगे उघडले. त्यात मद्याच्या शेकडो सुरया, हस्तिदंती राजदंड आणि छोट्या हाडी-हस्तिदंती पट्ट्या होत्या, ज्यांवर इजिप्तमधली आजवर मिळालेली सर्वांत जुनी लेखनचिन्हे कोरलेली आहेत. मालाला बांधायच्या चिठ्ठ्या म्हणून त्या वापरल्या जात. हे थडगे इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचे. नाइथहोतेपचे थडगे नाकादात उभे राहिले ते त्यानंतर, एकत्रित राज्याच्या आरंभी.

पेट्री यांच्या आकड्यांना वर्षांचे मोल मिळाले ते कार्बन-१४ पद्धतीमुळे. ऑक्सफर्डचे मायकेल डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहालयांतले केस, हाडे आणि वनस्पतींचे अवशेष तपासून २०१३ मध्ये जो निष्कर्ष मांडला, त्यानुसार आहा राजा इ.स.पू. ३१११ ते ३०४५ च्या दरम्यान गादीवर आला असण्याचा संभव सर्वाधिक. नाकादा संस्कृतीची सुरुवात इ.स.पू. ३८०० ते ३७०० च्या आसपास येते. पूर्वी ती इ.स.पू. ४००० च्या सुमाराची धरत. पट्ट्यांनी लावलेला क्रम कायम राहिला, मात्र त्याची लांबी आखडली. सारख्या खड्ड्यांच्या खेड्यांपासून विटांच्या राजथडग्यापर्यंतचा सगळा प्रवास सहा-सातशे वर्षांत, म्हणजे पंचवीस-तीस पिढ्यांत झाला होता.